समुद्राचं अठ्ठ्याहत्तर, आमचं त्र्याहत्तर

लुओ मास्तरांनी मला पहिली शिवी दिली ती झोपेत.

१९७८ सालचा ऑक्टोबर. कुनमिंगमधल्या आमच्या कॉलेजची रसायनाची प्रयोगशाळा. मी पहिल्या वर्षाचा, हातात आयुष्यातला पहिला फ्लास्क. कोपऱ्यात स्टुलावर भिंतीला टेकून एक मनुष्य असा घोरत होता की शेल्फावरच्या चाळीस बाटल्यांची काचेची बुचं तालात वाजत होती, खिडकीतली कबुतरं गाव सोडून गेली होती आणि खालच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी भूकंपाची नोंद करून ठेवली होती. मला संध्याकाळी सिनेमाला जायचं होतं. म्हणून फ्लास्कखालची आच मी थोडी वाढवली. थोडी म्हणजे, सिनेमाला जायचं असलेला माणूस वाढवतो तेवढी.

घोरणं थांबलं नाही. घोरण्याच्या दोन लाटांमधल्या फटीतून आवाज आला, "तिसऱ्या टेबलावरचं गाढव कोण रे? सेकंदाला तीन थेंब पाडतंय. एक पाड. घोडागाडी आहे ती, विमान नाही."

मी आच कमी केली. थेंब मंदावले.

"हां," असा आवाज आला आणि घोरणं जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू झालं.

पुढची पंधरा वर्षं मी या माणसाबरोबर काढली. आधी विद्यार्थी म्हणून, मग त्याच खात्यातला धाकटा अध्यापक म्हणून. त्या काळात मी त्यांना पुरतं जागं असलेलं असं फार थोड्या वेळा पाहिलं. लुओ बैनियन हे त्यांचं नाव. ते मास्तर नव्हतेच मुळी, प्रयोगशाळा सहायक होते. पण सगळं कॉलेज त्यांना मास्तर म्हणायचं आणि खऱ्या मास्तरांना ते फार लागायचं. उंच, किडकिडीत, खांदे उतरलेले. अंगातला निळा कोट इतक्या वेळा ॲसिडनं जळलेला की त्याला कोट म्हणणं ही आमची माया होती.

त्यांचं काम असं. दर सत्राला चाळीस बाटल्या भरायच्या. प्रत्येकीत दोन द्रवांचं मिश्रण, दोन्ही पाण्यासारखे पारदर्शक, बाहेर फक्त नंबर. विद्यार्थ्यानं आपली बाटली फ्लास्कमध्ये ओतून तापवायची. जो द्रव आधी उकळतो त्याची वाफ आधी निघते, थंड नळीतून जाताना तिचे थेंब होतात. आणि तेवढा वेळ वरचा थर्मामीटर एका आकड्यावर फतकल मारून बसतो. पहिला द्रव संपला की पारा पुन्हा चढतो आणि दुसऱ्या आकड्यावर बसतो. मग पुस्तक उघडायचं आणि त्या दोन आकड्यांवरून दोन द्रवांची नावं शोधायची. चाळीस बाटल्यांत काय काय आहे ते फक्त मास्तरांना ठाऊक. खातेप्रमुख पू साहेबांनाही नाही. एकदा पू साहेबांच्या पुतण्याला तेरा नंबरची बाटली मिळाली, तेव्हा साहेब मास्तरांना दोन वेळा चहाला घेऊन गेले. मास्तर दोन्ही वेळा चहा पिऊन तिथंच झोपले.

आता पुस्तकातले आकडे लिहिले आहेत समुद्रकाठच्या माणसांनी. आमचं गाव एकोणीसशे मीटर उंचावर. हवा पातळ, तिचा दाब कमी, त्यामुळे इथं सगळं अंमळ लवकरच उकळतं. पाणी शंभरऐवजी चौऱ्याण्णवला. ॲसिटोन छप्पन्नऐवजी पन्नासला. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, अठ्ठ्याहत्तरऐवजी त्र्याहत्तरला. आणि त्याचा चुलतभाऊ आयसोप्रोपेनॉल, जो दिसायला, वजनाला आणि वासालाही जवळजवळ तसाच, तो ब्याऐंशीऐवजी सत्त्याहत्तरला. मास्तरांनी १९५८ साली इथं आल्या आल्या एका मोठ्या कागदावर ब्रशनं दोन रकाने लिहून भिंतीला लावले होते. एकावर लिहिलं होतं 'समुद्राचं', दुसऱ्यावर 'आमचं'.

आणि एक नियम केला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत थर्मामीटरवरचा आकडा तसाच्या तसा तोंडातून काढायचा नाही. तो कच्चा आकडा. मनातल्या मनात समुद्राचा करून मगच बोलायचं.

"मास्तर, त्र्याहत्तरला थांबलं."

"पाहुण्याला कच्चा भात वाढतोस? शिजवून आण."

"समुद्राचं अठ्ठ्याहत्तर, मास्तर. इथेनॉल."

"जा, जेव."

कच्चा आकडा बोलणाऱ्याला सगळ्यांचे फ्लास्क घासावे लागत. दोन महिन्यांत आमची अशी सवय झाली की त्र्याहत्तर पाहिले तरी अठ्ठ्याहत्तरच वाचायचो. मास्तर स्वतः तर जगण्यातही हिशेब लावत. कुणी वय विचारलं की म्हणत, "आमचं पंचेचाळीस. समुद्राचं विचारू नका, रडू येईल."

समुद्र त्यांचा दुखरा दात होता. मास्तर मूळचे समुद्रसपाटीवरच्या हांगचौचे. पंचविसाव्या वर्षी, सीमेकडच्या प्रांताला माणसं हवीत म्हणून सरकारी चिठ्ठी आली आणि इकडे आले. बत्तिसाव्या वर्षी रजेवर घरी गेले तेव्हा लग्न झालं. बायको, यूछिन वहिनी, हांगचौच्या रेशमाच्या गिरणीत. गिरणी तिला सोडेना, कॉलेज यांना सोडेना, आणि बदलीच्या कागदाशिवाय गाव बदलायची तेव्हा सोय नव्हती. वर्षातून एकदा रजा, त्यात पाच दिवस गाडीतच जात. एकोणीस वर्षांच्या संसारातले एकत्र राहिलेले दिवस मी एकदा मोजले होते. दीड वर्षाच्या आत भरले. वहिनी एकदाच कुनमिंगला येऊन राहिल्या, वीस दिवस. त्यांना जिना चढताना धाप लागायची, आणि पातेल्यातला भात काही केल्या आतून मऊ होईना. एकविसाव्या दिवशी त्यांनी बोचकं बांधलं. "इथं भात शिजत नाही, संसार काय शिजणार?" असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

मास्तर का दमलेले असतात याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. बदलीचे अर्ज त्यांनी इतके केले होते की शेवटी शेवटी पू साहेब ते न वाचता, जाडीवरून ओळखून, खणात टाकायचे.

१९८४ च्या मार्चमध्ये हांगचौच्या एका कॉलेजनं जाहिरात दिली. प्रयोगशाळा सहायक, एक जागा. बाहेरगावी अडकलेल्या मूळच्या हांगचौकरांनी अर्ज करावेत, परीक्षा प्रात्यक्षिक, उत्तीर्ण होईल त्याच्या बदलीची व्यवस्था आमच्याकडे. मास्तरांनी ते कात्रण माझ्यापुढे धरलं. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं जागं पाहिलं.

"परीक्षा कसली आहे वाच."

"अज्ञात मिश्रण ऊर्ध्वपातनानं ओळखणे." मी हसायलाच लागलो. "मास्तर, माशाची पोहण्याची परीक्षा आहे ही!"

"हसू नको. मासा म्हातारा झालाय."

छापील जाहिरात खणात टाकता येईना, म्हणून पू साहेबांनी परवानगी दिली. खात्याला काचसामान हवंच होतं, ते आणायला म्हणून मला बरोबर धाडलं. म्हणजे मास्तर हातचे जाणार, निदान फ्लास्क तरी यावेत, असा साहेबांचा विचार.

लाकडी बाकांचा डबा. अडीच दिवस. मास्तरांच्या मांडीवर वहिनींसाठी घेतलेला डुकराच्या मांसाचा अख्खा खारवलेला पाय, कागदात गुंडाळून. जो जो चढे तो तो त्या पायाकडे बघे आणि मग आमच्याशी फार गोड बोले. मास्तर, जे उभ्या उभ्या झोपू शकत, त्यांना त्या अडीच दिवसांत डोळा लागला नाही. बोगदे संपले, भाताची खाचरं लागली, हवा जड आणि ओलसर झाली. माझे कान बंद झाले. मास्तर मात्र खोल श्वास घेत होते.

"मास्तर, एक सांगू का? रागावू नका."

"रागावणार. सांग."

"तिथं पाच-सहा मिळवायचे नाहीत. थर्मामीटर जे म्हणेल तेच समुद्राचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पलीकडचा अंडी सोलणारा माणूसही सोलायचा थांबला. "तो कागद कुणी लिहिला?"

"तुम्ही."

"तू तेव्हा कुठं होतास?"

"जन्मलो होतो, पण जेमतेम."

"मग गप बस आणि अंडं खा."

हांगचौला वहिनी स्टेशनवर आल्या होत्या. ठेंगण्या, गोल, तोंडानं फटकळ. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "अहो, आणखी वाळलात. दरवर्षी थोडे थोडे कमी होऊन येता. एखाद्या वर्षी नुसता कोटच येईल." मग मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही चला घरी. जागा नाही, पण चला."

गिरणीच्या चाळीत त्यांची एक खोली. त्यांनी पलंग भिंतीला सरकवून घेतला होता. दुसरी दुलई नवी होती. शेजारीण येऊन सांगून गेली की सामाईक स्वयंपाकघरात खिडकीजवळची चुलीची जागा तिनं लुओंसाठी सोडली आहे, "आता दोन माणसांचं रांधायचं म्हणजे!" मास्तर म्हणाले, "अजून परीक्षा व्हायची आहे." वहिनी म्हणाल्या, "सव्वीस वर्षं दुसरं काय करत होतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. चार उमेदवार. परीक्षक फंग बाई, पांढऱ्या केसांच्या, मऊ आवाजाच्या. अट अशी की दुसरी कुठली चाचणी करायची नाही. फक्त ऊर्ध्वपातन, आणि दोन नावं कागदावर. वेळ दोन तास. मला आत जाऊ देईनात, म्हणून मी दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिलो.

मास्तरांनी मांडणी केली ती बघायला बाकीचे तिघं थांबले. ओंजळीत पाखरू घ्यावं तसा थर्मामीटर घेतला आणि त्याचा गोळा बरोबर नळीच्या तोंडासमोर आणला. आच लावली. स्टूल ओढलं. डोळे मिटले. आणि थेंब पडायला लागले, सेकंदाला एक, एक, एक. फंग बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या त्या हलेनात. मी काचेआड सुखावलो. पहिले थेंब पडताच मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनी नुसतं हुंगलं आणि मान हलवली. पुढे पारा चढून पुन्हा स्थिर झाला तेव्हा एक डोळा उघडून वर बघितलं. बस. पाऊण तासात कागद भरून दिला. बाकीचे अजून नळ्या जोडत होते.

बाहेर येऊन म्हणाले, "भूक लागली."

कोपऱ्यावरच्या दुकानात बांबूचे कोंब आणि खारवलेला पाला घातलेल्या शेवया मिळतात. मास्तरांनी दोन वाडगे मागवले. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

"काय निघालं?" मी विचारलं.

"सोपं. ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल. ॲसिटोन तर वासावरूनच, वर बघितलंसुद्धा नाही."

"आणि दुसरं?"

"त्र्याऐंशीला आलं. एखादा अंश थर्मामीटरची चूक."

मी शेवया तोंडात घातल्या. त्या तिथंच राहिल्या. "मास्तर," मी म्हणालो, "थर्मामीटरवर त्र्याऐंशी होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे पारा. पारा कुठं होता?"

त्यांनी डोळे मिटले, प्रयोगशाळेत मिटत तसे. दुकानात कुणीतरी मिरच्या मागत होतं. मग ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला."

मी वाडगा बाजूला सरकवला.

"मी अठ्ठ्याहत्तर बघितलेच नाहीत रे," ते म्हणाले. "मला त्र्याऐंशीच दिसले." मग चमचा उचलून रस्सा प्यायले, सावकाश, सगळा. "इथेनॉल होतं. साधं इथेनॉल. पोरंसोरं ओळखतात."

"ॲसिटोनच्या वेळी वर बघितलं असतंत तर... पन्नासऐवजी छप्पन्न दिसले असते, लक्षात आलं असतं."

"नाकानं कळलं तर वर कशाला बघायचं," ते म्हणाले. मला नाही, वाडग्याला.

त्यांना तिथंच बसवून मी धावत फंग बाईंकडे गेलो. त्या कागद तपासत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. एकोणीसशे मीटर, भिंतीवरचा कागद, कच्चा आकडा, एकोणीस वर्षांचा संसार.

"बाई, आमच्याकडे पाणी चौऱ्याण्णवला उकळतं हो!"

"इथं शंभरला उकळतं," त्या म्हणाल्या. रुक्षपणे नाही, उलट फार हळू. "मी पस्तीस वर्षं हे शिकवते. असा हात मी पाहिला नाही. त्यांचं उत्तर वाचून मी परत जाऊन बाटलीचा नंबर तपासला, माझंच चुकलं असेल म्हणून."

"मग?"

"मग काय करू? बाकीच्या तिघांतल्या एकानं दोन्ही नावं बरोबर लिहिली आहेत. त्याचीही बायको इथंच आहे."

मला भांडायचं होतं. पण भांडायला समोरचा माणूस थोडा तरी चुकलेला लागतो.

त्या दिवशी दुपारी आम्ही चाळीत परतलो तेव्हा वहिनी दारात बसून वालाच्या शेंगांसारख्या जाड हिरव्या शेंगा सोलत होत्या. मास्तरांनी उंबऱ्यातच सांगितलं, काही न लपवता, जसा निकालाचा कागद वाचावा तसं.

वहिनी सोलत राहिल्या. "किती चुकलं?"

"पाच अंश."

"पाच?" त्यांनी दाणे टोपलीत टाकले. "गिरणीत दोरा तुटला तर मी परत जोडते. तुमच्यात परत जोडता येत नाही का?"

"कागद देऊन झाला होता."

"आणि वेळ किती उरला होता?"

"सव्वा तास."

"सव्वा तास होता! सव्वा तास बसून काय करायचं असतं माणसानं? परत एकदा बघायचं असतं. मी साधी मिठाची पुडी दोनदा मोजून घेते."

"दमलो होतो गं," मास्तर म्हणाले. "आणि वाटलं, लवकर घरी यावं."

 मग वहिनी माझ्यावर आल्या. "आणि भावजी, तुम्ही कशाला आला होतात बरोबर?"

"काचसामान न्यायला, वहिनी."

"मिळालं?"

"मिळालं."

"फुटलं नाही ना?"

"नाही."

"एवढं तरी," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलून आत गेल्या. शेजारणीनं सोडलेल्या खिडकीजवळच्या चुलीवर त्यांनी त्या शेंगांचे दाणे आणि आम्ही आणलेल्या मांसाचे तुकडे घालून भात केला. भात उत्तम शिजला होता. मास्तर पहिल्या घासानंतर बसल्या जागी झोपले, आणि वहिनींनी त्यांच्या हातातला वाडगा हलकेच काढून घेतला. त्यांच्या घोरण्यानं शेजारच्या खोलीतलं मूल रडायला लागलं, तर वहिनी भिंतीवर हात आपटून ओरडल्या, "झोपू द्या की जरा! पाहुणा आहे, चार दिवसांनी जाईल!"

परत आल्यावर मास्तरांनी भिंतीवरचा कागद काढावा असं पू साहेबांना वाटलं. अपशकुनी आहे म्हणाले. मास्तरांनी काढला नाही. त्याच सत्रात चाळीस बाटल्या भरल्या. कुणी कच्चा आकडा बोललं तर पूर्वीसारखेच फ्लास्क घासायला लावले. फक्त एक बदल मी पाहिला: एखाद्यानं नुसत्या वासावरून नाव सांगितलं की ते डोळे उघडून म्हणत, "वर बघ." तेवढंच. का, ते कधी सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही.

दरम्यान मी दोनदा त्यांच्या नावानं बदलीचा अर्ज लिहिला. दोन्ही पू साहेबांच्या खणात गेले. मग पू साहेब निवृत्त झाले, खण रिकामा झाला, आणि नव्या प्रमुखांनी सांगितलं की आता मास्तरांची नोकरी इतकी थोडी उरली आहे की बदलीचे कागद फिरेपर्यंत ती संपेल. त्यांचा हिशेब बरोबर निघाला.

हांगचौची ती जागा समुद्रकाठच्या निंगबोकडून आलेल्या माणसाला मिळाली होती. त्या परीक्षेनंतर नऊ वर्षांनी, साठ पुरी झाल्यावर, लुओ मास्तर निवृत्त होऊन हांगचौला राहायला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी तीन तास उशिरा सुटली.